जमिनीखालची स्लरी भिंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवणाऱ्या भिंतींबद्दल बेसमेंट बांधणारे, तलावाखालची जमीन कसणारे शेतकरी, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि डिप्लोमाचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. स्लरी भिंत म्हणजे नेमकं काय?

जमिनीत अरुंद, खोल खंदक खणायचा. खणत असतानाच तो बेंटोनाइट मातीच्या पातळ घोळानं, म्हणजे स्लरीनं, भरलेला ठेवायचा. तळ गाठला की त्या स्लरीच्या जागी सहजी पाणी न झिरपू देणारा भराव किंवा काँक्रीट भरायचं. ही झाली स्लरी भिंत. जाडी सहसा ६० ते ९० सेंटिमीटर असते, मोठ्या धरणांच्या पायात दीड मीटरपर्यंत जाते. काम संपल्यावर जमिनीवर तिचं काहीच दिसत नाही.

ही पद्धत १९५० च्या सुमारास इटलीत रुळली आणि पुढे मिलानच्या मेट्रोसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्याकडे कोलकात्याच्या पहिल्या मेट्रो मार्गाची स्थानकं मऊ चिकणमातीत अशाच भिंतींच्या आधारानं उभी राहिली.

२. इतका खोल खंदक बिनआधाराचा उभा कसा राहतो? ढासळत का नाही?

त्याला आधार असतो, तो स्लरीचा. बेंटोनाइटमध्ये माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं आणि ते पाणी शोषून भरपूर फुगतं. पाण्यात वजनानं साधारण ४ ते ६ टक्के बेंटोनाइट मिसळलं की पाण्यापेक्षा थोडा जड, स्थिर ठेवला की जेलीसारखा घट्ट होणारा घोळ तयार होतो. खंदकातून तो बाजूच्या वाळूत शिरू पाहतो. त्यातलं पाणी पुढे जातं आणि मातीचे कण भिंतीवर अडकून काही मिलिमीटर जाडीचा थर धरतात. साइटवर याला ‘केक’ म्हणतात. एकदा हा केक धरला की खंदकातल्या स्लरीचा पूर्ण दाब त्या पातळ पडद्यावर पडतो आणि माती मागे रेटलेली राहते.

म्हणूनच स्लरीची पातळी भूजलाच्या पातळीपेक्षा कायम वर हवी, किमान एक ते दीड मीटर. दाबाचा सगळा खेळ या फरकावर चालतो. पाऊस पडून भूजल अचानक वर आलं किंवा रात्रपाळीत स्लरीची पातळी उतरली, तर उभा खंदक तासाभरातही बसू शकतो. पातळीवर लक्ष ठेवायला माणूस नसेल, तर त्या रात्री खंदक उघडा ठेवू नये.

३. स्लरी वॉल, डायफ्राम वॉल, कट-ऑफ वॉल ही एकाच गोष्टीची नावं आहेत का?

खणण्याची पद्धत एकच. फरक खंदकात शेवटी काय भरलं, यात आहे.

माती-बेंटोनाइट भिंतीत खणून काढलेलीच माती स्लरीत कालवून परत भरतात. ही सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी झिरपणारी आणि लवचीक असते, पण भार घेत नाही. सिमेंट-बेंटोनाइट भिंतीत स्लरीतच सिमेंट असतं आणि तीच जागच्या जागी घट्ट होते. जागा अरुंद असेल किंवा माती कालवायला आवार नसेल, तर ही सोयीची, मात्र हिच्यातून पाणी तुलनेनं जास्त झिरपतं. प्लॅस्टिक काँक्रीटमध्ये नेहमीच्या काँक्रीटमध्ये बेंटोनाइट मिसळून त्याचा कडकपणा मुद्दाम कमी करतात, म्हणजे वर धरणाचा भराव बसताना भिंत तडकण्याऐवजी थोडी दबते. आणि सळयांचा पिंजरा सोडून भरलेली आरसीसी भिंत पाणीही अडवते आणि खड्ड्याच्या कडेची मातीही तोलते. शहरात ‘डी-वॉल’ म्हणतात ती ही.

भारतीय मानकांतही हा फरक दिसतो. भार घेणाऱ्या डायफ्राम वॉलसाठी आयएस ९५५६ आहे आणि पायातली झिरप अडवणाऱ्या भिंतीसाठी आयएस १४३४४. निविदेत चुकीचं मानक लिहिलेलं असेल, तर चाचण्याही चुकीच्या मागितल्या जातात.

४. अशी भिंत पाणी पूर्ण थांबवते का?

नाही. ती झिरप इतकी घटवते, की उरलेलं पाणी लहानशा पंपानं सहज काढता येतं.

एक हिशेब मांडून पाहू. चांगल्या माती-बेंटोनाइट भिंतीची पाझरक्षमता सेकंदाला सेंटिमीटरचा एक कोट्यंश इतकी कमी मिळवता येते. भिंत २०० मीटर लांब, १५ मीटर खोल, ८० सेंटिमीटर जाड आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत ८ मीटरचा फरक धरला, तर संपूर्ण भिंतीतून दिवसाला साधारण २,६०० लिटर पाणी येतं. दहा हजार लिटरच्या टँकरचा चौथा हिस्सा.

आता त्याच भिंतीत कुठेतरी एक चौरस मीटरची जागा भरायची राहून गेली आणि तिथे स्वच्छ वाळू आहे, असं समजा. वाळूची पाझरक्षमता सेकंदाला सेंटिमीटरचा शतांश धरली आणि दाब तोच धरला, तर त्या एका खिडकीतून दिवसाला ८६,००० लिटर येतात. प्रत्यक्षात आकडा कमी येईल, कारण खिडकीपर्यंत पोचतानाच पाण्याचा काही जोर वाळूत खर्ची पडतो. तरीही ३,००० चौरस मीटरच्या भिंतीवर एक चौरस मीटरची चूक भारी पडते, हे यातून स्पष्ट दिसतं.

या पानावरच्या निम्म्या उत्तरांचं मूळ या हिशेबात आहे. भिंतीचा माल किती भारी आहे, याची चौकशी लोक फार करतात. सांधे आणि तळ कसे झाले, हे विचारणारे फार थोडे भेटतात, आणि पाणी मात्र तिथूनच येतं.

५. भिंत किती खोल न्यायची? खर्च वाचवायला थोडी वर थांबवली तर चालेल का?

पाणी अडवणं हाच उद्देश असेल, तर भिंत न झिरपणाऱ्या थरात, म्हणजे घट्ट चिकणमातीत किंवा अभंग खडकात, रुतलीच पाहिजे. चिकणमातीत साधारण ६० सेंटिमीटर ते १ मीटर रुतवतात. खडकात किती शिरायचं, ते वरचा भाग किती कुजका आहे त्यावर ठरतं.

‘ऐंशी टक्के खोली म्हणजे ऐंशी टक्के फायदा’ हा समज फार महागात पडतो. एकसारख्या वाळूच्या थरात अर्ध्या खोलीपर्यंतची भिंत झिरप सुमारे एक चतुर्थांशानं घटवते आणि ऐंशी टक्के खोलीची भिंत सुमारे निम्म्यानं. पाणी खालच्या फटीतून वळसा घालतं आणि तिथे त्याचा वेग वाढतो. लोंबती, म्हणजे न झिरपणाऱ्या थरापर्यंत न पोचणारी, भिंत कधी कधी मुद्दाम बांधतात, पण ती पाण्याची वाट लांबवून त्याचा जोर कमी करण्यासाठी. पाणी अडेल, या अपेक्षेनं नव्हे.

खडक लागला म्हणजे काम संपलं, असंही नाही. अमेरिकेत आयडाहोमधलं टीटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदाच भरत असताना फुटलं आणि ११ माणसं गेली. तिथे स्लरी भिंत नव्हती, पायात मातीनं भरलेला खोल खंदक होता. पण खंदकाच्या कडेच्या खडकातल्या उघड्या भेगा नीट बुजवल्या नव्हत्या, आणि त्या भेगांतून शिरलेल्या पाण्यानं खंदकातली माती पोखरून नेली. भिंत आणि खडक जिथे भेटतात, ती जागा उघड्या डोळ्यांनी किंवा निदान बोअरच्या नमुन्यांवरून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

६. प्रत्यक्ष काम कसं चालतं?

आधी जमिनीलगत दोन समांतर बुटक्या काँक्रीट भिंती बांधतात, एक ते दीड मीटर खोल. ही गाइड वॉल. ती यंत्राला दिशा देते आणि खंदकाचं तोंड ढासळू देत नाही. त्यानंतरची वाट भिंतीच्या प्रकारावर ठरते.

माती-बेंटोनाइटचा खंदक सलग पुढे सरकतो. लांब हाताच्या पोकलेननं वीसेक मीटरपर्यंत जाता येतं. मागे बुलडोझरनं माती आणि स्लरी कालवून भराव तयार करतात. तो थालिपिठाच्या पिठाइतका सैल लागतो, चाचणीच्या भाषेत १०० ते १५० मिलिमीटर स्लम्प. हा भराव वरून स्लरीत धपकन टाकायचा नसतो. तसं केलं तर स्लरीचे खिसे आत अडकतात. आधीच्या भरावाच्या उतारावर ठेवून तो हळूहळू घसरू द्यायचा. उतार बराच सपाट असतो, उंचीच्या सहा ते दहा पट लांब.

काँक्रीटची भिंत पॅनलनं, म्हणजे सुट्या उभ्या तुकड्यांनी, होते. आधी एक सोडून एक पॅनल ग्रॅबनं, म्हणजे क्रेनला टांगलेल्या जबड्यासारख्या बादलीनं, खणतात, मग मधले. प्रत्येक पॅनलचा तळ साफ करून ट्रेमी पाइप, म्हणजे काँक्रीट ओतायचा लांब उभा पाइप, तळापर्यंत सोडतात आणि काँक्रीट खालून वर चढवत नेतात. वर आलेली स्लरी पंपानं काढून, वाळू गाळून, पुन्हा वापरतात. ट्रेमीचं तोंड काँक्रीटमध्ये सतत बुडलेलं राहिलं पाहिजे. ते एकदा जरी बाहेर आलं, तर काँक्रीटमध्ये स्लरीचा थर अडकतो आणि तिथे प्रश्न ४ मधली खिडकी तयार होते.

सरळपणाकडेही तितकंच लक्ष हवं. शंभरात एक इतका कल वरून नगण्य वाटतो. पण ३० मीटर खोलीवर तो ३० सेंटिमीटर होतो, आणि शेजारचं पॅनल उलट दिशेनं कललं असेल तर तळाशी ६० सेंटिमीटरची फट पडते. खोल भिंतींसाठी ग्रॅबऐवजी हायड्रोमिल, म्हणजे फिरत्या दातेरी चाकांनी खणणारं यंत्र, वापरतात, त्याचं हे एक मोठं कारण.

७. साइटवर बेंटोनाइट चांगलं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

पोत्यावरच्या नावावरून नाही. आपल्याकडे बेंटोनाइट मुख्यतः कच्छ आणि राजस्थानातून येतं आणि एकाच भागातल्या मालाची प्रतही बदलते. सोडियम बेंटोनाइट चांगलं फुगतं. कॅल्शियमचं कमी फुगतं, त्यावर सोडा ॲशची प्रक्रिया करावी लागते.

तीन साध्या चाचण्या रोज व्हायला हव्यात. मार्श कोन नावाच्या नरसाळ्यातून ठरावीक माप स्लरी गळायला लागणारा वेळ: साध्या पाण्याला २६ सेकंद लागतात, ताज्या स्लरीला सहसा ३० ते ५० च्या दरम्यान लागले पाहिजेत. घनता: ताज्या स्लरीची पाण्याच्या १.०३ पट ते १.१० पट. आणि वाळूचं प्रमाण, विशेषतः काँक्रीट ओतण्याआधी खंदकाच्या तळाजवळून काढलेल्या नमुन्यात. हा तळाचा नमुना घेण्याचा कंटाळा केला जातो आणि वरचा नमुना नोंदवहीत चढतो. तुमच्या देखरेखीखाली काम असेल, तर तळाचा नमुना स्वतः उभं राहून काढायला लावा.

शिवाय बेंटोनाइट मिसळल्यावर लगेच वापरायचं नाही. फुगायला त्याला बारा ते चोवीस तास टाकीत ठेवतात.

८. बेंटोनाइटऐवजी आपली काळी माती चालेल का? तीही फुगतेच की.

खंदक उभा ठेवणाऱ्या स्लरीसाठी नाही. काळ्या मातीतही माँटमोरिलोनाइट असतं, पण ते बहुधा कॅल्शियमचं, शिवाय सोबत वाळू, गाळ आणि चुनखडीचे खडे. तिचा घोळ एकसारखा राहत नाही, तळाशी बसतो, आणि केक जाड पण सच्छिद्र होतो.

भरावात मात्र तिला चांगली जागा आहे. माती-बेंटोनाइट भरावात बारीक कण किमान २० ते ३० टक्के लागतात. खणलेली माती नुसती वाळू असेल, तर काळी माती मिसळून ही उणीव भरून काढता येते. मिश्रणाची प्रयोगशाळेत पाझर चाचणी करून मगच प्रमाण ठरवा. मातीच्या धरणाच्या गाभ्यात आपल्याकडे काळी माती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. ती वाळली की भेगाळते, म्हणून भिंतीचा वरचा भाग उन्हात उघडा ठेवू नका. मुरुमाचं किंवा मातीचं जाड पांघरूण लगेच घाला.

९. आमच्याकडे दोन मीटरवर मुरूम आणि पाच मीटरवर कातळ लागतो. आम्हाला स्लरी भिंत लागेल का?

बहुतेक नाही. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात खाली बेसॉल्ट आहे आणि खडक उथळ आहे. पाच-सहा मीटरपर्यंत साधा उघडा खंदक उन्हाळ्यात खणून, पाणी उपसून, कोरड्यात चांगली माती थराथरानं दाबून भरता येते. धरणांच्या कामावर याला सीओटी, म्हणजे कट-ऑफ ट्रेंच, म्हणतात. तिचा मोठा फायदा असा, की खडकाचा तळ डोळ्यांना दिसतो, झाडून-धुऊन साफ करता येतो, भेगा सिमेंटनं बुजवता येतात. स्लरीखाली यातलं काहीच दिसत नाही. जिथे कोरड्यात काम करता येतं, तिथे ते कोरड्यातच करावं, असं माझं ठाम मत आहे.

बेसॉल्टची अडचण निराळीच आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असतात आणि दोन थरांच्या मध्ये कुजका, पोकळीदार खडक किंवा तांबड्या बोलचा, म्हणजे लाल मातकट थराचा, पट्टा असतो. पाणी तिथून आडवं पळतं. वरच्या कातळावर भिंत टेकवली आणि खाली असा पट्टा राहिला, तर भिंतीखालून झिरप चालूच राहते. अशा ठिकाणी खडकात भोकं पाडून दाबानं सिमेंट भरण्याचं, म्हणजे ग्राउटिंगचं काम लागतं.

स्लरी भिंतीची खरी गरज पडते ती नदीच्या खोल गाळात, तापी-पूर्णेच्या गाळपट्ट्यात, मुंबई-पनवेलकडच्या समुद्री चिकणमातीत आणि भरावाच्या जमिनीत. त्यातही मुंबईत खडक फार खोल नसल्यानं अनेक ठिकाणी एकमेकांत घुसवलेले सेकंट पाइल सोयीचे पडतात, कारण पाइलचं यंत्र खडकात सहज शिरतं.

१०. नाल्यात भूमिगत बंधारा घालायचा आहे. तो आणि ही भिंत यांत फरक काय?

काम तेच, प्रमाण लहान. नाल्याच्या वाळूत आडवा चर खणून खडकापर्यंत नेतात आणि चिकणमाती किंवा जाड प्लॅस्टिकचा पडदा घालून बुजवतात. वाळूतलं वाहून जाणारं पाणी मागे साठतं, बाष्पीभवन कमी होतं, जमीनही बुडत नाही. धुळे-नंदुरबार भागात निसर्गानंच अशा भिंती घालून ठेवल्या आहेत. बेसॉल्टचे उभे डाइक, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, जमिनीखालून जातात आणि वरच्या बाजूच्या विहिरींना पाणी टिकतं.

जागा निवडताना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. पडदा दोन्ही काठांत पुरेसा आत शिरवा, नाहीतर पहिल्याच पुरात पाणी टोकाला वळसा घालतं. आणि खालच्या विहिरींचा विचार आधी करा. त्यासाठी प्रश्न १३ वाचा.

११. आमचा पाझर तलाव गळतो. तयार भरावातून भिंत घालता येईल का?

येते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ओकीचोबी सरोवराभोवतीच्या हर्बर्ट हूवर बांधात सुमारे ९० किलोमीटर लांबीची अशी भिंत घातली आणि बांधाच्या दुरुस्तीचं सगळं काम जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झालं. पण त्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, पाझर तलाव पाझरण्यासाठीच असतो. खालच्या विहिरींना पाणी येतंय आणि तलाव दिवाळीनंतर हळूहळू उतरतोय, तर तो आपलं काम करतोय. त्यात भिंत घालणं म्हणजे खालच्या शेतांचं पाणी तोडणं.

दुसरी, बाहेर येणारं पाणी कसं आहे ते पाहा. स्वच्छ पाणी एकाच प्रमाणात येत असेल, तर घाई नाही. ते गढूळ असेल, प्रमाण वाढत असेल, पायथ्याशी वाळूचे उमाळे फुटत असतील किंवा भरावावर खड्डा पडला असेल, तर पाणी आतली माती वाहून नेत आहे. अशा वेळी भिंतीची निविदा काढत बसू नका. तलावाची पातळी उतरवा, जलसंपदा किंवा मृद व जलसंधारण खात्याच्या अभियंत्याला त्याच दिवशी बोलवा, आणि खालच्या वस्तीला सावध करा.

भरलेल्या तलावाच्या भरावात खंदक खणणं स्वतःच धोक्याचं आहे. अनुभवी देखरेखीशिवाय ते कुणीही करू नये.

१२. बेसमेंटभोवती डी-वॉल केली, तरी आत पाणी येतंय. कुठून?

आधी पाणी कुठे दिसतं, ते भरती-ओहोटीनुसार किंवा पावसानुसार बदलतं का, आणि खारं लागतं का, याची आठवडाभर नोंद ठेवा. उभ्या रेषेत ओल असेल, तर पॅनलचा सांधा. गोल डाग असेल, तर काँक्रीटमध्ये अडकलेली स्लरी किंवा भिंत मागच्या जमिनीत बांधून ठेवणाऱ्या अँकरचं भोक. जमीन आणि भिंत मिळतात तिथे पाणी असेल, तर राफ्टचा, म्हणजे तळाच्या काँक्रीट स्लॅबचा, सांधा. मधूनच फरशीतून येत असेल, तर भिंत खाली पुरेशी गेलेली नाही, प्रश्न ५ पाहा.

आतून केमिकल लावून ओल झाकली, तर पाणी शेजारून निघतं. सांध्यात बाहेरच्या बाजूला ग्राउट पोचवणं हा खरा उपाय. आणि वरून रॅम्पनं किंवा प्रवेशद्वारातून येणारं पाणी ही भिंत अडवतच नाही. २६ मे २०२५ रोजी मुंबई मेट्रो ३ च्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, ते बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराजवळची पाणी अडवणारी भिंत कोसळून.

दुसरा धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. पंप बंद केले की खालचं पाणी राफ्टला वर उचलतं. पाण्याची दर मीटर उंची म्हणजे प्रति चौरस मीटर एक टन उचल. ४० सेंटिमीटरचा राफ्ट स्वतः जेमतेम एक टन भरतो. बाहेर पाणी राफ्टखालच्या पातळीपेक्षा तीन मीटर वर असेल आणि वरचे मजले अजून चढले नसतील, तर राफ्ट वाकतो किंवा तडकतो. पंप कधी बंद करायचे, ते इमारतीच्या चढलेल्या वजनावरून डिझायनरनं लेखी कळवलं पाहिजे.

१३. शेजारी अशी भिंत होतेय. आमची विहीर आटेल का?

ती प्रवाहाच्या कोणत्या बाजूला आहे, यावर उत्तर ठरतं. भूजल उतारानं वाहतं. भिंतीच्या वरच्या बाजूला पातळी चढते, खालच्या बाजूला उतरते. चौकोनी बेसमेंटभोवतीची भिंत असेल, तर पाणी बाजूनं वळून जातं आणि परिणाम मर्यादित राहतो. दरी किंवा नाला पूर्ण आडवा तोडणारी भिंत असेल, तर खालच्या विहिरींवर परिणाम होणारच.

उलट, भिंत न बांधता नुसते पंप लावून खड्डा कोरडा ठेवला, तर आजूबाजूच्या विहिरी जास्त उतरतात आणि मऊ मातीत शेजारच्या इमारतीही खचू शकतात. त्या अर्थी चांगली भिंत शेजाऱ्याचं रक्षण करते.

काम सुरू होण्याआधीच विहिरीची पातळी तारखेसह मोजून ठेवा, शक्य असेल तर ग्रामपंचायतीच्या किंवा वॉर्डाच्या कुणासमोर. नंतर वाद झाला तर हीच नोंद उपयोगी पडते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ भूजलाच्या वापरावर नियंत्रणाची तरतूद करतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

१४. किती वर्षं टिकते?

नीट झालेली भिंत इमारतीइतकी किंवा त्याहून जास्त. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरभोवतीची भिंत १९६७ पासून बांधली गेली, सुमारे ९० सेंटिमीटर जाड आणि खडकापर्यंत २१ मीटरच्या आसपास खोल. हडसन नदीकाठच्या भरावातलं पाणी तिनं अडवलं. ११ सप्टेंबर २००१ ला मनोरे कोसळल्यावर तिला आतून आधार देणारे मजले गेले आणि ती काही ठिकाणी आत सरकली, पण फुटली नाही. नव्यानं अँकर मारून तिला सावरलं. तिचा एक भाग तिथल्या स्मारक संग्रहालयात आजही उघडा ठेवलेला आहे.

अमेरिकेतल्याच केंटकी राज्यातल्या वुल्फ क्रीक धरणाची गोष्ट उलट आहे. चुनखडीतल्या पोकळ्यांमुळे १९६८ मध्ये खड्डे पडले, म्हणून १९७५ ते १९७९ मध्ये भिंत घातली. ती पुरेशी खोल आणि लांब नव्हती. पाण्यानं वळसा शोधला, २००७ मध्ये जलाशय उतरवावा लागला आणि २०१३ मध्ये अधिक खोल, अधिक लांब अशी दुसरी भिंत पूर्ण झाली. पहिली भिंत जुनी झाली म्हणून नव्हे, अपुरी पडली म्हणून हे घडलं.

१५. भिंत नदीपात्रात आहे आणि पावसाळा तोंडावर आलाय. अर्धवट सोडली तर?

गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि आंध्रात पोलावरमला तिच्यावर मोठं धरण होत आहे. तिथल्या मुख्य धरणाखालची डायफ्राम वॉल २०१८ मध्ये झाली, पण नदी वळवणारे कॉफर डॅम तोवर पूर्ण नव्हते. पुढच्या पुरांत पाणी उरलेल्या तोंडातून वेगानं घुसलं, पात्र खोलवर खरवडलं गेलं आणि भिंतीचे भाग खराब झाले. अखेर नवी भिंत घालायचं ठरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचं काम सुरू झालं.

जमिनीखालची भिंत तिच्या भोवतीच्या मातीच्या आधारानं उभी असते. ती माती पुरानं नेली, तर उरते ती उंच, पातळ, बिनआधाराची पट्टी. लहान नाल्यातही हेच लागू आहे. दोन्ही काठांपर्यंत पूर्ण करून, वर दगडांचं पिचिंग घालूनच मे महिन्याअखेर थांबा. ते जमणार नसेल, तर खंदक उघडूच नका.

१६. पाणी खारं आहे. काही फरक पडतो?

मोठा पडतो. खाऱ्या किंवा कॅल्शियमयुक्त पाण्यात बेंटोनाइट फुगत नाही, त्याच्या गुठळ्या होऊन तळाशी बसतात. स्लरी नेहमी गोड्या पाण्यातच कालवा आणि पूर्ण फुगल्यावर वापरा. कोकण किनारपट्टीवर आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात भराव ठरवताना पाझर चाचणी नळाच्या पाण्यानं करू नका, त्या जागेच्या भूजलानंच करा, आणि ती काही आठवडे चालू ठेवा. पहिल्या दोन दिवसांत निकाल सुंदर येतो, बिघाड नंतर दिसतो. कारखान्याच्या सांडपाण्यालाही हेच लागू.

१७. भिंत खरोखर काम करतेय, हे कसं कळणार?

दोन्ही बाजूंना पिझोमीटर, म्हणजे भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या, बसवा आणि पातळ्यांतला फरक पाहा. बेसमेंटसाठी सोपी चाचणी म्हणजे खोदाईआधी आतलं पाणी उपसायचं. आतली पातळी उतरली आणि बाहेरची जागच्या जागी राहिली, तर भिंत बंद आहे. बाहेरची एखाद्याच कोपऱ्यात उतरली, तर खिडकी त्या बाजूला आहे. हे खोदाईआधी कळलं तर बाहेरून ग्राउट करता येतं. दहा मीटर खोल गेल्यावर कळलं, तर पाण्यासोबत वाळूही आत येते आणि रस्ता खचतो.

१८. उरलेली स्लरी नाल्यात सोडली तर काय बिघडतं? मातीच तर आहे.

बिघडतं. बेंटोनाइट विषारी नाही, पण ते पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहतं, माशांच्या कल्ल्यांत बसतं आणि पावसाळी गटारं तुंबवतं. वाळू गाळून पुन्हा वापरा. निकामी झालेली स्लरी टाकीत बसवून किंवा सिमेंट मिसळून घट्ट करून मान्य जागीच टाका. त्याचा दर निविदेत वेगळा लिहा, नाहीतर ती रात्री नाल्यातच जाते.

आणि उघड्या खंदकाला कुंपण हवंच. काठ निसरडे असतात, वर साय धरलेली दिसते, लहान मुलाला ती जमीन वाटते. पडलेल्याला स्वतःहून वर येता येत नाही.

१९. खणताना स्लरीची पातळी अचानक खाली गेली. काय करायचं?

जुनी विहीर, बुजलेलं गटार, दगडगोट्यांचा थर किंवा खडकातली पोकळी लागली आहे. खणणं थांबवा आणि ग्रॅब बाहेर काढा. खंदकाच्या काठावरून माणसं आणि क्रेन मागे घ्या. टाकीत राखून ठेवलेली स्लरी ओतून पातळी आधी वर आणा. यासाठी साइटवर किमान एका पॅनलच्या घनफळाइतकी तयार स्लरी कायम शिल्लक हवी. गळती थांबली नाही, तर स्लरीत भुसा किंवा बारीक वाळू मिसळून छिद्रं बुजतात का, ते पाहतात. तरीही पातळी उतरतच असेल, तर खंदक खणलेल्या मातीनं किंवा कमी ताकदीच्या काँक्रीटनं लगेच भरून टाका. ते पॅनल नंतर पुन्हा खणता येतं. आसपासच्या बेसमेंटमध्ये, गटारात आणि विहिरीत राखाडी पाणी निघालं का, हे त्याच तासात माणूस पाठवून पाहा. स्लरी कुठे गेली, ते कळल्याशिवाय तिथे पुन्हा ग्रॅब सोडू नका.